नव्याण्णव हा बिघाड नव्हता

सकाळी फोन आला तेव्हा मी बारामतीतल्या एका कॉलेजच्या सर्व्हर खोलीत पंख्याच्या जाळीतली धूळ काढत होते. फोन इंदापूरच्या एका खासगी दवाखान्याच्या मॅनेजरचा होता.

"मॅडम, स्कॅन उघडायला लई वेळ लागतोय. डॉक्टर माझ्यावर ओरडायलेत. मागं मशिनीवर नव्याण्णव आलंय."

"नव्याण्णव हा बिघाड नाही," मी म्हणाले. "तो कपाटाचा नंबर आहे. खालच्या कंट्रोलरवर काय दिसतंय?"

"खालच्यावर काहीच न्हाय. ते गप हाय, म्हणजे ते नीटच असणार."

इथे जरा थांबून सांगायला हवं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या दवाखान्यांची आणि कॉलेजांची स्टोरेजची यंत्रं मी सांभाळते. स्टोरेज म्हणजे लोखंडी कपाटात रांगेनं बसवलेल्या हार्ड डिस्क. त्यांच्यावर काय लिहायचं आणि कुठं लिहायचं हे बघणारे दोन कंट्रोलर मागच्या बाजूला एकावर एक, ड्रॉवरसारखे बसलेले असतात. एक बंद पडला तर दुसरा सगळा भार घेतो आणि काम चालू राहतं, फक्त हळू. प्रत्येकाच्या पाठीवर दोन आकड्यांची एक छोटी खिडकी असते, जुन्या कॅल्क्युलेटरसारखी. सगळं ठीक असेल तर तिच्यात कपाटाचा नंबर स्थिर उभा असतो. बिघाड झाला की मात्र तिच्यात दोन अक्षरं येतात, जातात, मग दुसरी दोन येतात, मग बराच वेळ अंधार, आणि पुन्हा पहिल्यापासून. ती सगळी फेरी शांतपणे बघायची असते, कारण एकट्या अक्षराला काही अर्थ नसतो. आणि अंधाराच्या वेळी बघितलं तर माणसाला वाटतं, काहीच नाही.

हे त्या मॅनेजरला मी आधीच्या भेटीत समोर उभं राहून सांगितलं होतं. दोन्ही कंट्रोलरच्या बॅटऱ्या संपत आल्यात, त्या बदला, हेही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बघू, मालकांच्या कानावर घालतो." जाताना मी बघितलं तर बिघाड झाला की वाजणारा यंत्राचा भोंगा बंद करून ठेवलेला. रिसेप्शनवरच्या मुलींना आवाजाचा त्रास होतो, असं कारण मिळालं. मी तो चालू करून आले.

"फोटो नको, व्हिडिओ पाठवा," मी फोनवर म्हणाले. "खालच्या खिडकीचा. आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. वरचा एकटाच सगळं ओढतोय. तो हलला तर सगळं जाईल."

"व्हय व्हय, तुमी या."

व्हिडिओ आला नाही. आला तो फोटो, आणि तोही नेमका अंधाराच्या वेळचा.

गाडी काढली. गाळपाचा हंगाम चालू होता, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका रचलेला की पुढचं काही दिसत नाही, आणि गाणी अशी लावलेली की मागच्यानं कितीही हॉर्न दिला तरी ऐकू जात नाही. मी मध्येच दोनदा मॅनेजरला फोन लावला. दोन्ही वेळा फोन दुसऱ्या कॉलवर व्यस्त. तो कुणाशी बोलतोय ते मला तिथंच कळायला हवं होतं.

दवाखान्यात शिरले तर बाकावर एक म्हातारे आबा बसलेले, अंगावर घोंगडी, हाताला सुई लावलेल्या जागी कापसाचा बोळा. शेजारी त्यांची सून. माझ्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी बघून ती उठली.

"ताई, मशीन नीट करायला आलाय का तुमी? सकाळी आबांचा पोटाचा स्कॅन झाला. शिरंतनं औषध सोडून काढला. आता डॉक्टर म्हणत्यात, दिसतच न्हाय."

"अजिबात दिसत नाही? की उशिरा दिसतोय?"

"आधी उशिरा दिसत हुतं म्हणं. आता कुणाचंच काय दिसत न्हाय."

मी पळतच आतल्या खोलीत गेले. मॅनेजर यंत्रामागे उभा होता. एका हातात फोन, स्पीकर चालू, त्यावर हे यंत्र विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीतला कुणीतरी बोलत होता. वरचा कंट्रोलर बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलेला होता, जेवणाचा डबा ठेवावा तसा.

"हा का काढला?" मी विचारलं.

"त्याच्यावरच नंबर येत होता ना मॅडम. हे साहेब म्हणाले, कोड दिसतोय तो युनिट काढा आणि परत घाला."

"मी काय सांगितलं होतं?"

फोनमधला आवाज म्हणाला, "कोण बोलतंय? तुमच्या इंजिनिअर सरांना फोन द्या."

"मीच इंजिनिअर आहे," मी म्हणाले.

"ओके सर, मग आता दुसरा युनिट पण काढून परत घाला."

मी फोन मॅनेजरच्या हातातून घेतला आणि त्याला विचारलं, "तुम्ही खालच्या खिडकीची पूर्ण फेरी बघितली का? कुणाला वाचून दाखवायला सांगितली का?" तो म्हणाला, ग्राहकानं फोटो पाठवला होता, फोटोत खालच्यावर काही नव्हतं, वरच्यावर नव्याण्णव होतं. मी म्हणाले, "नव्याण्णव कुठल्या बिघाडाचा कोड आहे ते तुमच्या पुस्तकात बघून सांगा." पानं उलटल्याचा आवाजही आला नाही. तो म्हणाला, "मॅडम, मी सीनिअरला देतो," आणि गाणं लागलं. मी फोन ठेवून दिला.

एका माणसानं पुण्यात खुर्चीत बसून, न बघता, चालू असलेला कंट्रोलर उपटायला सांगितला. दुसऱ्या माणसानं, ज्याला मी तासाभरापूर्वी हात लावू नका म्हणाले होते, त्यानं तो उपटला. कारण त्या आवाजाला तो साहेब म्हणत होता आणि मी त्याच्या लेखी वायरी जोडणारी बाई होते.

मी खाली फरशीवर बसले आणि खालच्या खिडकीकडे बघत राहिले. मॅनेजर मागून बोलत होता, डॉक्टर विचारतायत, किती वेळ लागेल, मालक पुण्याहून निघालेत. मी त्याला म्हणाले, "जरा गप्प बसा." अक्षरं आली, गेली. दुसरी आली. मग अंधार. पुन्हा पहिली. पुन्हा तीच फेरी बघितली, खात्री होईपर्यंत. कंट्रोलर सांगत होता की स्वतःच्या मेमरीची तपासणी त्याच्याच्यानं पूर्ण होत नाही, म्हणून त्यानं स्वतःला कुलूप लावून घेतलंय. सकाळपासून तो हेच सांगत असणार. भोंग्याकडं बघितलं तर तो पुन्हा बंद केलेला होता.

वरचा कंट्रोलर खुर्चीवरून उचलला, पिना तपासल्या, परत बसवला. त्याच्या खिडकीत आधी सगळ्या रेघा पेटल्या, मग चालू होतानाची अक्षरं आली आणि शेवटी नव्याण्णव स्थिर झालं. मॅनेजर म्हणाला, "परत आलं बघा नव्याण्णव." तोंडाशी आलेली शिवी मी गिळली.

लॅपटॉप जोडून एकेक भाग चालू केला. जुने स्कॅन आले, सगळे. सकाळचे आले नाहीत. एकच कंट्रोलर सगळं ओढत होता, त्यामुळे सकाळपासूनचं काम त्याच्या मेमरीत डिस्कवर उतरायची वाट बघत साठलं होतं. बॅटरी चांगली असती तर कंट्रोलर बाहेर काढल्यावरही ते टिकलं असतं. खरं तर बॅटरी कमजोर असताना यंत्र मेमरीत काही साठवूनच घेत नाही. पण मधल्या काळात पुण्याचाच एक माणूस येऊन वेग वाढावा म्हणून ती अट काढून गेला होता. स्कॅनच्या मशीनवर एक प्रत राहायला हवी होती, पण तिथली जागा भरली होती, म्हणून पाठवलं की पुसायचं असा तिथला रिवाज पडलेला.

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले होते, वयानं तरुण, दमलेले. त्यांनी विचारलं, "पोटाचा स्कॅन? ते म्हातारे आजोबा?"

"गेला."

"त्यांची किडनी आधीच कमजोर आहे. लगेच पुन्हा ते औषध देता येणार नाही. आधी रक्त तपासावं लागेल, काही दिवस थांबावं लागेल."

आम्ही बाहेर आलो तर मॅनेजर आमच्या आधीच बाकापाशी पोचला होता. तो आबांना सांगत होता, "या मॅडम दुरुस्ती करत होत्या, त्यात तुमचा स्कॅन उडाला. मशीन हाय शेवटी, काय करणार?"

सून माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता विश्वास उडाला होता, आणि ते मला जास्त लागलं.

"आबा," मी म्हणाले, "मी येण्याआधीच तुमचा स्कॅन गेला होता. चालू असलेला भाग यांनी काढला. मी फोनवर नको म्हणाले होते. बॅटऱ्या बदला असंही आधी सांगितलं होतं. बिघाड झाला की वाजणारा भोंगा यांनी बंद करून ठेवला होता. हे तुम्हाला खोटं सांगतायत."

बाकावरची बाकीची माणसंही ऐकत होती. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पेशंटसमोर असं बोलू नका."

"मग पेशंटसमोर खोटंही बोलू नका."

आबांनी घोंगडी सावरली. "म्हंजी माणसाची चूक हाय व्हय," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं मशिनीची. मशिनीवर काय रागवायचं? मेंढरावर रागवून चालतंय का? राखणाऱ्यावर रागवावं लागतं." मग सुनेकडं वळून म्हणाले, "चल बाई, रगात दिऊन जाऊ."

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीची सोय लगेच केली, आणि पुढचा स्कॅन बारामतीला करून घ्या, मी तिथं बोलतो, असंही सांगितलं. खालच्या कंट्रोलरचा सुटा भाग येईपर्यंत काय करायचं आणि काय करायचं नाही, ते मी त्यांनाच समजावलं, मॅनेजरला नाही. मेमरीत साठवण्याची ती अट पुन्हा लावली. यंत्र आता अजून हळू चालेल, असंही सांगितलं. ते म्हणाले, "चालू दे."

दवाखान्याचं काम त्याच आठवड्यात माझ्याकडून गेलं. पेशंटसमोर संस्थेची बदनामी केली, असं मालकांनी फोनवर सांगितलं. मी म्हणाले, बदनामी मी नाही केली, पण त्यांनी फोन ठेवला होता. घरी वडगावला वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू खरं बोललीस गं. पण चार माणसांत बोललीस. त्याला बाजूला घेऊन सांगायचं हुतंस."

"तो बाजूला घेऊन खोटं बोलत होता का, तात्या?"

गोठ्यात धारेची वेळ झाली होती, ते तिकडं गेले.

आबांचा दुसरा स्कॅन बारामतीला झाला. गाठ होती, पण काढण्याजोगी. ऑपरेशन झाल्यावर सुनेनं मला फोन केला. माझा नंबर डॉक्टरांनी दिला होता म्हणे. आबा आता भाकरी खातात, रानात चक्करही मारतात, असं ती म्हणाली. मी खूश झाले, खोटं का सांगू? पण ती पुढं म्हणाली, मधल्या थांबण्याच्या दिवसांत आबांच्या पोटात रात्रंदिवस कळा येत होत्या, जेवण तुटलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी धीर सोडला होता.

"एवढं कशापायी झालं, ताई?" तिनं विचारलं.

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "मग तो माणूस तितंच हाय का अजून?"

"आहे," मी म्हणाले. तो अजूनही तिथंच आहे.