ताई, गाडीत कोण आहे?

असल्या गोष्टी वाचून मी हसणाऱ्यांपैकी. आमच्या कळंबोलीच्या ऑफिसात कुणी भुताचा विषय काढला की पहिली मस्करी माझीच. त्यामुळे हे लिहायला कसंतरीच वाटतंय... पण लिहिते.

गव्हाणला मैत्रिणीची हळद होती. लख्ख दुपार. मी एकटीच कार घेऊन निघाले होते — काचा बंद, एसी चालू. वाटेत धाकट्या बहिणीचा, नेहाचा, फोन आला. स्पीकरवर टाकून मोबाइल मांडीवर ठेवला.

"ताई, ब्लाउजचे फोटो टाकलेत. पटकन बघ ना, टेलर थांबलाय."

मी मान खाली घातली. फोटो मोठा करून गळा बघत होते... आणि एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली —

"बाय, म्होरं बग!"

करकचून ब्रेक दाबला. बोनेटला अगदी लागून एक म्हातारे बाबा, हातात सायकल.

"जीव घेतेस काय गो?" एवढंच म्हणाले आणि सायकल ढकलत निघून गेले.

गाडी कडेला घेतली. "नेहा, तुझ्याकडे कोण ओरडलं गं?"

"माझ्याकडे? आवाज तुझ्याकडून आला. ताई, गाडीत कोण आहे?"

मागे वळून पाहिलं. सीटवर आहेराची पिशवी, बाकी कुणी नाही. तसं सांगितलं. नेहा अगदी हळू म्हणाली, "अगं, ती अजून बोलतेय... रडतेय."

मला एसीची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणतेय?"

"'मना कोनी बगला नाय'... तेच तेच."

हळदीच्या घरी मैत्रिणीच्या आईला विचारलं, त्या रस्त्यावर कुणी बाई अपघातात गेली होती का? त्यांनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "रस्ता मोठा झाल्यापासून किती गेली, बाय. कुनाकुनाचा नाव सांगू?"

कुणी म्हणतं, क्रॉस कनेक्शन. असेल. पण मग त्या बाईला माझ्या समोरचा रस्ता कसा दिसला? आणि पुढचं फक्त नेहालाच का ऐकू आलं?

परवा गाडीत असताना सवयीने नेहाचा कॉल उचलला. हॅलो म्हटलं.

"ताई," ती म्हणाली, "आधी गाडी थांबव. खाली उतर. मग बोलू."

मी उतरले. तिला काय ऐकू आलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.