काठीला धरून उभा लाल

"हातात काय गं, जन्मपत्रिका?" शेजारच्या बाईंनी विचारलं. एसटी वडप्याच्या गोदामांमधून चालली होती. एकेका कंटेनरमागे रखडत. बाई वज्रेश्वरीला निघाल्या होत्या, गरम कुंडात गुडघे शेकायला.

"झेंडा आहे," मी म्हणाले. "म्हणजे झेंड्याचं चित्र."

"कुठल्या पक्षाचा?"

"शहराचा. उतारपेठेचा."

"शहराला पण झेंडा असतो?"

उतारपेठेबाहेर हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारला आहे. खरं सांगायचं तर आपल्याकडेही नगरपालिकेवर तो रोज फडकत असताना मान वर करून कोण बघतं? निळं कापड, मधे पांढरी नाव आणि खाली आडवा लाल पट्टा. तो लाल चुकीच्या जागी आहे, हे मलाही गंगारामकाकांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

गंगारामकाका आपल्या घाटावरचे शेवटचे नावाडी. पूल नव्हता तेव्हा नदीला पाणी चढलं की ते काठीला लाल फडकं बांधायचे. पलीकडच्या लोकांनी ते पाहायचं आणि मुकाट्यानं थांबायचं. पुढे नगरपालिकेनं झेंडा केला तेव्हा ते फडकं त्यात घेतलं, काठीलगतच्या उभ्या पट्ट्याच्या रूपात. पहिल्या झेंड्याच्या फोटोत तो उभाच आहे. नंतर कधीतरी तो आडवा होऊन खाली गेला. कसा, ते कुणालाच सांगता येईना. "काठीला धरून उभा असायचा गं तो," काका म्हणायचे. "आडवा पडलेला लाल काय सांगणार लोकांना?"

अधिकृत चित्र नव्यानं काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी पट्टा उभा केला. नगरपालिकेच्या सभेनं अट घातली: पुढच्या बैठकीपर्यंत विणलेला नमुना आणा, नाहीतर आहे तोच झेंडा कायम. शिवलेला पट्टा चालणार नव्हता. तो एकदा करून पाहिला होता आणि आषाढाच्या वाऱ्यानं त्याची शिवण उसवली होती. म्हणून मी भिवंडीला निघाले होते.

स्टँडवर बाईंनी मला रिक्षात बसवून दिलं आणि "झेंडा सांभाळ गं" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की रिक्षावाल्यानंही मागे वळून पाहिलं.

भिवंडीत शिरताच कानांवर लूमची खटखट आदळेल, असं मी धरून चालले होते. पण गल्ल्या शांत होत्या. विजेच्या तारांवर कापसाची धूळ बसली होती आणि एका बंद शटरपुढे दोन माणसं कॅरम खेळत होती.

"आज शुक्रवार हाय ना ताई, लूमला सुट्टी," कारखान्याचे मालक अनंतशेठ दारातच म्हणाले. "फोनवर बोलला असता तर सांगितला असता."

मी फोन केला नव्हता, मेसेज केला होता. फोनवर बोलायचं मी शक्यतो टाळते. सगळी शाळा इंग्रजीत झाली, त्यामुळे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा फिरवून पाहायची सवय लागली आहे. तोवर विषय पुढे गेलेला असतो.

चित्र पाहून शेठनी मान हलवली. "हा पट्टा न्हाय जमायचा." मग त्यांनी समजावून सांगितलं. ताणा (कापडाच्या लांबीत जाणारे धागे) एकदा लाल भरला की पट्टा आपोआप लांबीत येत राहतो. पण माझा उभा पट्टा त्या धाग्यांना आडवा जातो. दर झेंड्याला लूम थांबवून लाल धाग्याचा धोटा (आडवा धागा टाकणारं साधन) घालायचा, पुन्हा निळा घालायचा. "झेंड्यांसाठी लूम कोन थांबवत बसंल? खाली आडवा घ्या ना. मस्त दिसतो."

मी "बरं" म्हणाले. मग त्या "बरं"चीच मला लाज वाटली.

शेठची आई खारबावहून आली होती. तिनं विषयच संपवला. "पोरगी कवाची आलीय, पयले जेवू दे तिला. बस गो." तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी). मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तरी तिनं तिसरी वाढलीच.

जेवताना समोरच्या अंगणात माझं लक्ष गेलं. सुट्टीचा दिवस, कारागिरांनी कपडे धुऊन वाळत घातले होते. दोरीवर एक निळी लुंगी होती, एका काठाला लाल पट्टी असलेली. नेसली की ती पट्टी पायांशी आडवी येते. दोरीवर टाकलेल्या लुंगीची पट्टी मात्र सरळ उभी होती.

मी वाक्य मनात फिरवायला घेतलं. पण ते वाक्य लुंगीबद्दल होतं आणि समोर सगळी अनोळखी माणसं होती. एरवी लूमच्या आवाजात ते विरून गेलं असतं. आज सगळं ऐकू जाणार होतं.

"ती लुंगी," मी म्हणाले.

जिन्यावर बसलेले यासीनभाई दचकले. ते शेठचे सगळ्यांत जुने कारागीर. "मेरी है. गिर गई क्या?"

"नाही. ती लांबीतच विणतात ना? लाल काठासकट?" मी उष्ट्या हातानंच उठले. "मग झेंडा आडवा का धरायचा? कापड उभं फिरवायचं. पन्ह्याइतकी (कापडाच्या रुंदीइतकी) झेंड्याची लांबी, आणि कापायचं असं." मी दोरीवरच्या लुंगीवर डाव्या हातानं रेघ मारून दाखवली. "लाल काठ काठीकडे."

शेठ लुंगीकडे पाहत राहिले. मग मान वाकडी करून पाहिलं. "आयला! आमी झेंडा नेहमी कापूड चालतो तसाच धरतो. तुमचा लाल असाच आडवा पडला असंल, कोनच्या तरी लूमवर."

"अब शेठ, नगरपालिका पे मेरी लुंगी लहराएगी," यासीनभाई म्हणाले.

"धुतलेली दे म्हंजे झाला!"

"धुली हुई ही है. आप अपनी देख लो."

म्हातारीला हसताना ठसका लागला. मीही हसले, मोठ्यानं. पुढच्या बीमवर (ताण्याच्या रुळावर) नमुना लावायचं ठरलं. परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली आणि शेजारच्यांशी मी आपण होऊन बोलले, हे इथं नोंदवून ठेवते.

नमुना बैठकीआधी आला आणि सभेनं तो मंजूर केला. झेंडा चढला त्या दिवशी मी गंगारामकाकांना घाटावर घेऊन गेले. तिथून नगरपालिकेची काठी दिसते. मला वाटलं होतं ते शाबासकी देतील. त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"पाणी चढलंय," ते म्हणाले. "आज कुणी उतरायचं नाही."

नदीत घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं. माझं घर पलीकडे, आणि पात्रातून जायचं म्हणून मी चपला हातात घेतल्या होत्या. त्या पुन्हा पायात घातल्या आणि पुलावरून घरी गेले.