इंदूबाईंनी लिहिलेले शेवट

कॉमिक नेहमी शेवटाकडून फाटतं. दोन पिनांवर सगळा डोलारा उभा. आधी वरचं रंगीत कव्हर जातं, मग त्याच्या आतला कागद सुटतो, आणि त्याच कागदाच्या एका अंगाला गोष्टीची सुरुवात असते, दुसऱ्या अंगाला शेवट. सुरुवात नसली तरी पोरांचं अडत नाही. शेवट नसला की मात्र पोरगं घरी जाऊन धड जेवत नाही. पुसदच्या इंदूबाई मनवर यांना बी.ए.ला हे कोणी शिकवलं नव्हतं. दुकानाच्या ओट्यावर बसून ते त्यांना कळत गेलं.

दुकान शाळेच्या फाटकासमोर. वह्या, पेनं, कंपास, गाइडं, आणि मागच्या फळीवर भाड्याची कॉमिक्स. नोकरीचे अर्ज करून थकल्यावर इंदूबाईंनी हे दुकान टाकलं. नवरा गोविंदा एसटीत कंडक्टर. त्याची ड्यूटी नागपूरच्या गाडीवर लागली की तिथल्या फुटपाथवरून तो जुनी कॉमिक्स गठ्ठ्यानं घेऊन यायचा. चार आण्यात एक कॉमिक, ओट्यावर बसूनच वाचायचं, असा नियम. एकानं चार आणे द्यायचे आणि पाच जणांनी मुंडकी खुपसून वाचायचं, हा पोरांचा नियम. इंदूबाईंना तो दिसायचाही आणि दिसायचाही नाही.

शेवटचं पान गेलं की त्या वहीचा कागद घेत, आपल्या गोल अक्षरात शेवट लिहीत आणि सुईदोऱ्यानं शिवून टाकत. गोष्ट वाचलेली असली तर आठवेल तसा, नसली तर मनचा. मनच्या शेवटात कोणी मरायचं नाही. वज्रकेतू नावाचा एक दंडबैठका काढणारा वीर होता. छापील पानावर तो राक्षसाची मान पिरगाळायच्या बेतात असायचा, आणि पान उलटलं की राक्षस म्हणायचा, मी सकाळपासून उपाशी आहे. मग त्याला आधी जेवू घालत आणि नंतर कोर्टात नेत. एका दरोडेखोराला तर इंदूबाईंनी एसटीत बसवून आईकडे धाडून दिलं होतं, तिकिटासकट.

"काकू, यानं त्याले मारलं काहून नाई?" पोरं कुरकुरायची.

"मारलं असतं त पुढच्या अंकात कोन आलं असतं? तू?"

त्यांचा मुलगा विक्की याच ओट्यावर वाचायला शिकला. लिहायलाही. आईनं लिहिलेल्या शेवटावर बोट फिरवून, मग पाटीवर तसंच गिरवून.

पुढे पोरांच्या हातात मोबाइल आले आणि फळीवर धूळ बसली. इंदूबाईंनी त्याचं फार सुतक धरलं नाही. चार आणे केव्हाच बंद झाले होते, भाडंही त्यांनी बंद केलं. गल्लीतली चार-सहा पोरं तरी येतच होती. त्यांतली पाचवीतली खुशी तर मोठ्यानं वाचायची, राक्षसाचा आवाज काढून. तेवढ्यावर इंदूबाईंची संध्याकाळ बरी जायची.

आणि मग तो ऋतिक आला.

ऋतिक नागपूरचा. जुनी कॉमिक्स धुंडाळत गावोगाव फिरणं आणि त्याचे व्हिडिओ टाकणं हाच त्याचा धंदा. धंद्याला तो 'पॅशन' म्हणायचा. हातात पांढरे मोजे, गळ्यात माइक, मागे मोबाइल धरणारा एक माणूस. दुकानात शिरताना त्यानं इंदूबाईंना नमस्कार केला तो मोबाइलकडे बघून. फळीवरचं एकेक कॉमिक त्यानं दोन बोटांच्या चिमटीत असं उचललं, जसं काही नाल्यातून काढलं होतं.

"गाइज, कंडिशन बघा. एकदम खतम. काकू, हे दोऱ्यानं कोणी शिवलं? क्राइम आहे हा, क्राइम."

"पानं गळून राह्यली होती. पोट्ट्यायले वाचाले पायजेत," इंदूबाई म्हणाल्या.

वाचायला हा शब्द त्या माणसाच्या कानाला नवा असावा. तो पानं उलटत होता, पण गोष्टीकडे त्याची नजर नव्हती. कोपरे दुमडलेत का, शिक्का कुठं आहे, पिनांना गंज किती चढला, एवढंच तो बघत होता. बैलबाजारात दात मोजणारा दलाल तरी बैल नांगराला चालेल का म्हणून मोजतो. याला नांगरायचंच नव्हतं. आणि उलटता उलटता त्याला वहीचं पान दिसलं. पहिली ओळ त्यानं वाचली, दुसरी वाचायच्या आत मोबाइलवाल्याला खूण केली.

तो व्हिडिओ लाखांनी पाहिला. 'काकूंचा शेवट' असं त्याला नाव पडलं. ज्याला ऋतिकनं क्राइम म्हटलं होतं त्यालाच तो आता 'वन ऑफ वन पीस', म्हणजे जगात एकुलता एक नग, म्हणू लागला, आणि जीभ अडखळली नाही. अकोल्याहून, अमरावतीहून, थेट पुण्याहून माणसं येऊ लागली. चाळिशीतले, पोट सुटलेले, मुलाबाळांचे बाप. गोष्ट काय आहे हे एकानंही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "शेवट हातचा आहे ना?" हो म्हटलं की कॉमिक पारदर्शक पाकिटात, पाकीट चिकटपट्टीनं बंद, आणि पाकिटावर, अंक किती चांगला टिकलाय त्याचा, ऋतिकनं दिलेला ग्रेडचा आकडा. एकदा खुशी नेहमीसारखी ओट्यावर टेकून एक अंक उघडत होती, तर त्यांतला एक तिच्यावर वसकला, "ए, हात नको लावू त्याला."

"तिनं हात लावले म्हणूनच त्याचं पान गेलं," इंदूबाई त्याला म्हणाल्या, "आनि पान गेलं म्हणून तुमी आले. तिले थँक्यू म्हना." त्याला विनोद कळला नाही. या लोकांना विनोदही पाकिटात घालूनच लागतो.

विक्की यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर होता. मागच्याच वर्षी परमनंट झाला होता. बायको उर्वशीला सहावा महिना. तिथंच खोली करून राहायची दोघं. पण व्हिडिओ गाजल्यापासून विक्कीची प्रत्येक सुट्टी पुसदलाच जाऊ लागली. आईला व्यवहार कळत नाही म्हणत त्यानं सगळं आपल्या हाती घेतलं, ऋतिकशी दोस्ती केली, तसेच पांढरे मोजे आणले. हातचे शेवट असलेले अंक बघता बघता संपले. मग एका रविवारी इंदूबाई चहा घेऊन दुकानात आल्या, तर विक्की एका धडधाकट अंकाच्या पिना ब्लेडनं उचकटत होता.

"हे काय करून राह्यला?"

"शेवट काढून राह्यलो. तू नवा लिहून दे."

"त्याले शेवट हाये ना, विक्की."

"छापेल शेवटाले कोन विचारते आता?"

"ज्याले नाई त्याले मी देतो लिहून. हाये त्याचा काढून कायले देऊ?"

विक्की हसला. म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसा. आणि त्याच दमात बोलून गेला की पुढच्या महिन्यात तो कंपनीचा राजीनामा देणार आहे. ऋतिकबरोबर भागीदारी ठरली होती.

गोविंदा दारात पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न घेता म्हणाला, "अच्छा. म्हंजे आता जन्मभर पानं फाडतो तू."

"बाबा, तुमाले नाई समजत यातलं."

"मी पन जन्मभर तिकिटंच फाडली. पन मागं गाडी तरी चालत होती, लेका."

त्या दिवसापासून इंदूबाईंच्या जिवाला घोर लागला. परमनंट नोकरी म्हणजे काय असतं, हे अर्ज करून थकलेल्या बाईला कोणी सांगायला नको. तीन महिन्यांवर उर्वशीची डिलिव्हरी, आणि हा गडी हातमोज्यातल्या पोरखेळापायी मशीन सोडून येणार. एकच आशा होती, आपण लिहून दिलं नाही तर धंदा आपोआप बसेल. त्यांनी लेखणीला हात लावला नाही. धंदा बसला नाही. उलट वाढला. ते कसं, हे विचारायला त्यांची जीभ रेटेना.

उत्तर विक्कीनंच आणलं. नेटवर कोणीतरी शंका काढली होती की एवढे शेवट येतात कुठून, काकूंनी कारखाना टाकला का? म्हणून ऋतिक दुकानातून लाइव्ह करणार होता. काकूंनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, अक्षर माझंच.

"तुले फक्त हो म्हनाचं हाये," विक्की म्हणाला.

"लिहिलं कोनं?"

"तुह्यंच अक्षर समज ना. तूच शिकवलं मले."

हो म्हटलं तर विक्कीची नोकरी गेली. नाही म्हटलं तर चारचौघांत विक्की गेला. कोणत्याही आईपुढे येऊ नये असं ते कोडं होतं, आणि ते त्यांच्यापुढे कोणी आणून ठेवलं, तर मोजे घालणाऱ्या एका रिकामटेकड्यानं.

ऋतिक दुपारी आला. दुकानात दिवे लावले, वह्यांचे गठ्ठे उचलून बाहेर टाकले, इंदूबाईंना स्टुलावर बसवलं. गोविंदाला "अंकल, फ्रेममधून थोडं बाजूला" म्हणून हाकललं. विक्की मोबाइलमागे उभा.

"गाइज, या आहेत आपल्या सगळ्यांच्या लाडक्या काकू. काकू, सांगा, हा शेवट तुम्हीच लिहिलाय ना?" त्यानं एक पाकीट पुढे धरलं.

"पाहू द्या."

"पाहा ना, बाहेरूनच."

"उघडून पाहतो."

"उघडता नाही येत काकू. ग्रेड जाते."

"मंग मी वाचू कशी?"

"वाचायचं कशाला? हो म्हणा फक्त."

तेवढं ऐकलं आणि इंदूबाईंच्या मनातलं उरलंसुरलं दोलन थांबलं. त्यांनी विक्कीकडे पाहिलं. तो मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. पेपर बिघडलेलं पोरगं मास्तरासमोर उभं राहतं तसा त्याचा चेहरा झाला होता. इंदूबाईंनी गल्ल्याजवळची कात्री उचलली आणि पाकीट उभं फाडलं. ऋतिकचा हात मध्ये आला तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला. शेवटचं पान काढून, खुशी वाचते तसं मोठ्यानं, त्यांनी वाचलं: "वज्रकेतूने राक्षसाला जाळून टाकले. समाप्त."

मग ऋतिककडे पाहून म्हणाल्या, "हे वाचलं होतं तुमी?"

ऋतिकनं मोबाइलकडे पाहून दात दाखवले.

"म्हंजे नाई. हे माह्यं नाई. माह्या पोराचं अक्षर हाये. मी शिकवेल हाये म्हणून माह्यासारखंच वाटते. पन मी असं कोनाले जाळत नाई. अन् यानं लिहिलेले जेवढे हायेत तेवढ्यायचे पैसे लोकायले वापस करा."

ऋतिक म्हणजे काय चीज, हे त्यानंतर कळलं. सरड्याला रंग बदलायला थोडा तरी वेळ लागतो. हा माणूस त्याच श्वासात म्हणाला, "गाइज, लाइव्ह एक्स्पोज झालाय. मला आधीपासूनच डाउट होता." आणि त्याच्या माणसानं मोबाइल गर्रकन विक्कीच्या तोंडासमोर नेला. ज्याच्याशी काल भागीदारी होती, तो आज पकडलेला चोर. विक्की हातानं तोंड झाकत बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत ऋतिकचा या एक्स्पोजवर वेगळा व्हिडिओ आलाही, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त चालला. खाली लोकांनी विक्कीला शिव्या दिल्या होत्या, काकूंना बदाम पाठवले होते, आणि कोणीतरी विचारलं होतं, एक्स्पोजवाला अंक विकायला आहे का.

विक्की दुकानामागे नळाजवळ बसला होता. इंदूबाई गेल्या तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही.

"लोकायसमोर काहून सांगतलं? मले घरात बोल्ली असती."

"घरात बोल्लीच होती मी, बापू. तू ऐकलं नाई."

"माह्यी इज्जत गेली."

"हो. गेली," इंदूबाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमलं नाही. "थोडं जेवून घे."

"नको मले तुह्यं जेवन."

तो तसाच उठला, बॅग घेतली आणि यवतमाळच्या गाडीला गेला. गोविंदा त्याच्या मागून स्टँडपर्यंत गेला आणि परत आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की गाडीत खिडकी मिळाली त्याला.

त्यानंतर विक्कीचा फोन आला नाही. इंदूबाईंनी दोनदा लावला, त्यानं उचलला नाही. राजीनामा दिला असेल का, दुसऱ्या कोण्या मोजेवाल्याच्या नादी लागला असेल का, रागाच्या भरात काही करून तर बसणार नाही ना, या विचारांनी त्यांचा हात कामात लागेना. ओट्यावर पोरं यायची. ब्लेडनं उसवलेले अंक ती मागायची, आणि इंदूबाई "आज नाई" म्हणायच्या.

मग एका दुपारी उर्वशीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"आई, हे ड्यूटीवर गेलते सकाळी. सेकंड शिफ्टही मांगून राह्यले म्हणे. राजीनाम्याचं नाव नाई काढलं पुन्हा. पन मी तुमाले सांगतलं हे त्याईले सांगू नका. म्हणले, आईले काई सांगाचं नाई."

इंदूबाईंनी दुकानाच्या दाराला पाठ टेकली.

"मंग तू मले काई सांगतलंच नाई," त्या म्हणाल्या. "डबा नेला का त्यानं?"

"नेला."

"भाजी कोनती होती?"

"वांग्याची."

"त्याले वांगं सोसत नाई, पोटात गॅस होते त्याच्या," इंदूबाई म्हणाल्या. "उद्या दुसरी काई करजो. अन् मी सांगतलं म्हनू नको."