मालगाडीच्या मागचं इंजिन

मुलांनो, सुट्टीत आलात की तुमचं खेळण्यातलं इंजिन शोधाल, म्हणून आधीच सांगते: ते मी देऊन टाकलं.

दहिवलीत एक निवृत्त रेल्वेवाले भेटले. नाव विचारायचं राहिलं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर कर्जतचा घाट उभारला होता. पुठ्ठ्याच्या मालडब्यांना विटेच्या भुकटीने गंजही चढवलेला. गाडी मात्र महिनाभर घाटाखाली उभी, कारण इंजिन एकच.

"एकटं ओढेल की," मी म्हटलं.

"घाट चढायला मागूनबी इंजिन लागतं, बाई. नियम हाय."

"पुठ्ठ्याला कसला नियम?" त्यांची बायको म्हणाली. "गाडी चढंपर्यंत टेबल मिळायचं नाय. आमी खाली बसून जेवतोय."

तिच्यासाठी मी तुमचं इंजिन दिलं. गाडी चढली. आता ते पलंगावर खंडाळा बांधताहेत.

तुमचे रूळ आणि तीन डबे माझ्या कपाटात शाबूत आहेत.