मशीनवर लक्ष ठेवणारे तिघं

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, आजचं ऐका.

सकाळी अकोल्याच्या गोदामातून मंगेशभाऊंचा फोन आला. "ताई, बिलं निघून नाही राहिली. तुमची व्हर्च्युअल मशीन लय हळू झाली."

मी अमरावतीतून लॉगिन केलं. कोणता प्रोग्राम किती सीपीयू खातो ते दाखवणारी टॉप कमांड चालवली. यादीत पहिले तिन्ही नंबर टॉपचेच. बिलांचा प्रोग्राम पार खाली.

"भाऊ, टॉप कोण चालवून राहिलं?"

"आमी तिघंबी. काहून हळू आहे ते पाहून राहिलो ना. आकडे सावकाश बदलत होते, म्हणून दोन आकड्यांच्या मधातला डिले शून्य करून टाकला."

तिघांनाही टॉप बंद करायला लावलं. बिलं धडाधड निघाली.

आत्ता भाऊंचा मेसेज आलाय: "मशीन बरोबर चालून राहिली का, एकदा पाहू काय?"

काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.