रणजितला बघायला क्लबवाले आले: ओमानमधले पाच दिवस

ओमानला मी समुद्र बघायला गेले नव्हते, किल्ले बघायला गेले नव्हते आणि उंट बघायला तर मुळीच नाही. माझा लेक रणजित कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, फुटबॉल खेळतो, आणि बरका नावाच्या गावात शेवटच्या वर्षाच्या पोरांचं निवड शिबिर होतं. भारतातल्या आणि आखातातल्या व्यावसायिक क्लबांची माणसं तिथं जमतात, पोरं पारखतात आणि शेवटच्या दिवशी कोण कुणाला घेणार ते सांगतात. कॉलेज संपलं की एक तर क्लब, नाहीतर आमची कोल्हापुरातली खानावळ, एवढंच पोराच्या हातात. घरच्या एकाला सोबत येता येतं, असं पत्रकात होतं. आमचे हे म्हणाले, "मला जमणार न्हाई." ह्यांनी पोराची एक मॅच उभ्या जन्मात बघितलेली नाही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. खानावळ जावेवर टाकली आणि मी बॅग भरली.

कोल्हापूरहून मुंबईला बसनं, तिथून मस्कतला विमानानं. विमानात बसून पाय आखडायच्या आत उतरायची वेळ होते. व्हिसा ऑनलाइन निघतो, फक्त पासपोर्टची मुदत आधी बघून घ्या. एक रियाल म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये, त्यामुळं पहिल्या दिवशी पाण्याची बाटली घेतानासुद्धा माझा जीव खालीवर होत होता. मग कळलं की मलबारी हॉटेलात पराठा आणि करक चहा अगदी स्वस्तात मिळतो. चहा मात्र असा दाट की चमचा उभा राहावा.

मस्कतहून बरका टॅक्सीनं पाऊण तास. रस्ता बघून मी गारच पडले. खड्डा नाही, हॉर्न नाही, मधे म्हैस नाही. एका बाजूला खजुराच्या बागा, दुसरीकडं उघडे डोंगर. बरक्याचा मासळीबाजार सकाळी लवकर गाठा. सुरमई एवढी मोठी की दोघांनी उचलावी. मासे कापायला बसलेला माणूस दापोलीकडचा निघाला. "ताई, कापून देऊ की अख्खी नेताव?" त्यानं विचारलं. हॉटेलात राहणाऱ्या बाईनं सुरमई घेऊन करायचं काय? पण मराठी ऐकून इतकं बरं वाटलं की अर्धा किलो घेतलीच, आणि हॉटेलच्या स्वयंपाक्याला मस्का मारून तळून घेतली.

शिबिराचा पहिला दिवस बघून मात्र माझं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं होतं, पोरं खेळतील, हे बघतील, झालं. कसलं काय! उघड्या अंगानं एकेकाला उभं केलं. उंची मोजली, वजन मोजलं, दंडाची चरबी चिमट्यात धरून मोजली. "चालून दाखव," म्हणाले. "आता पळून दाखव." एकानं गुडघा वाकवून बघितला, दुसऱ्यानं दात बघितले. मग खोलीत बोलावून प्रश्न: घरी कोण कोण, रागावतोस का, मैत्रीण आहे का, स्वयंपाक येतो का. आता ग बया! हे तर आमच्या वेळचं पोहे घेऊन बाहेर जाणंच की! मला एकवीस जणांनी बघितलं तेव्हा निदान दंड तरी कुणी चिमट्यात धरला नव्हता. मी हे रणजितला सांगितलं तर तो हसून लोळला. "आई, तू गप बस, नाहीतर मला नकार येईल."

डॉक्टरीणबाई केरळच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला आणि तो जरा जास्तच वेळ बघितला. "थोडा वेगळा आहे," त्या म्हणाल्या, "पण रोज एवढा पळणाऱ्या पोरांचा असा येऊ शकतो. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? खेळताना, झोपेत, असं?" रणजित म्हणाला, नाही. मीही म्हणाले, नाही. खरंच नव्हतं कुणी. माझे धाकटे दीर अजितभाऊजी माझ्या लग्नाआधी पंचगंगेत पोहायला गेले आणि बुडाले, पण ते बुडणं झालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर खूण केली आणि रणजितला मैदानात सोडलं.

पुढचे दोन दिवस पोरगं असं खेळलं की सांगायची सोय नाही. क्लबवाले खुर्च्यांवर बसून कानात कुजबुजायचे, आणि रणजितचा नंबर आला की कुजबुज थांबायची. एक तर आपल्या भारतातल्याच क्लबचा माणूस, रोज मला "नमस्ते आंटीजी" करून जायचा. मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटून टाकले.

चौथा दिवस सुट्टीचा. शेवटची मॅच पाचव्या दिवशी सकाळी, आणि दुपारी नावं. रणजितला पाय पसरून झोपायचं होतं, म्हटलं, मी एकटीच रुस्ताक बघून येते. तिथं युनूसभाई राहतात. मूळचे रत्नागिरीचे, पण मामाकडं कोल्हापुरात वाढले, ह्यांच्या शाळेतले. निघण्याआधी मी ह्यांना नंबर मागितला तर म्हणाले, "कशाला त्याला तरास?" पुन्हा मागितला तर पुन्हा तेच. मी काय कमी आहे? युनूसभाईंची बहीण आमच्याच पेठेत राहते, तिच्याकडून नंबर आणला.

बरक्याहून रुस्ताक तासाभराचा रस्ता. युनूसभाईंनी स्वतःची गाडी पाठवली. किल्ला भला थोरला, पण उन्हात चढायची हिंमत झाली नाही, बाहेरूनच बघितला. जवळच गरम पाण्याचा झरा आहे, त्यात पाय सोडून बसता येतं, टॉवेल न्या. बाजारात युनूसभाईंचं कापडाचं दुकान. पांढरी दाढी, गोल टोपी, आणि तोंडात अस्सल कोल्हापुरी. "या वहिनी, या! तीस वरसं झाली, तांबड्या रश्श्याचा वास न्हाई बघा नाकात." स्वतःच्या पोरांना त्यांनी इंग्रजीतून हाक मारली, नोकराला हिंदीतून, आणि एक अरबी गिऱ्हाईक आलं त्याला "खलास, खलास" म्हणून भाव कमी करून वाटेला लावलं. कहवा म्हणजे तिथली कॉफी आली, खजूर आले, बरक्याचा हलवा आला. तो हलवा जरूर खा, केशराचा.

मी रणजितचं कौतुक सांगत होते. मोबाइलवर गोल दाखवला. युनूसभाईंनी मोबाइल हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पळतो बघा कसा. डिट्टो अजित. मी होतो वहिनी त्या दिवशी मैदानात, सरावाला आम्ही आठ-दहा पोरंच. माझ्यासमोरच पडला. आम्हाला वाटलं, नाटक करतोय, फाऊल मागतोय. मी तर शिवी हासडली त्याला, ऊठ म्हणून."

मी कप खाली ठेवला.

"कोण पडलं?"

"अजित. तुमचा दीर." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. "या अल्ला. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

नव्हतं माहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, दरसाल त्यांच्या तिथीला मी स्वतः पुरणपोळीचा नैवेद्य केला, आणि मला माहीत नव्हतं. युनूसभाईंनी मग सगळं सांगितलं, खाली बघत. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाची भिंत जाड असते, रक्तातून येतं, भावंडांनाही तपासून घ्या. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना बोलावून शपथ घातली. घरात दोन पोरी लग्नाच्या. हृदयाचा रोग आहे असं गावात कळलं तर त्यांना करून कोण घेणार? म्हणून नदी. बुडलेल्या माणसाच्या बहिणीला नकार येत नाही. तपासायला कुणीच गेलं नाही, कारण तपासलं की कुणीतरी बघणार.

मला राग यावा की रडू, काही कळेना. सासूबाईंवर, युनूसभाईंवर, त्या हलव्यावरसुद्धा राग आला. गाडीत बसल्याबसल्या ह्यांना फोन लावला.

"अजितभाऊजी बुडाले की मैदानात गेले?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"पोराला खेळू कसं दिलंत तुम्ही?"

"थांबवायचं म्हटलं तर का ते सांगायला लागलं असतं. मला वाटलं, खेळंल दोन दिवस आणि सोडंल. मॅच बघायला येण्याची छाती झाली न्हाई माझी. प्रत्येक शिट्टीला वाटायचं..." मी इतकी वर्षं ह्या माणसाला पोराच्या खेळाची आवड नाही म्हणून टोमणे मारले.

थोड्या वेळानं माझ्या नणंदेचा फोन, ह्यांनीच कळवलं असणार. शोभावन्सं रडतच होत्या. "वैनी, पाया पडते. सईचं जमत आलंय, पुढच्या आठवड्यात सुपारी आहे. तोंड उघडू नका. रणजितची सही होऊ दे, माझ्या सईचं लगीन होऊ दे, मग काय तपासायचं ते तपासा." मी फोन ठेवून दिला.

रणजितला बरक्याच्या किनाऱ्यावर सांगितलं. मच्छीमार जाळी गोळा करत होते, पोरं अनवाणी फुटबॉल खेळत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय म्हणाला? "उद्याची मॅच झाल्यावर सांग. नावं लागू देत. फक्त उद्या, आई. मला काही होत नाही, चौदा वर्षांचा असल्यापासून खेळतोय."

"अजितभाऊजीसुद्धा खेळतच होते."

"एक मॅच गं!"

तो हात जोडून उभा राहिला. एवढा सहा फुटाला टेकलेला पोरगा, वाळूत गुडघ्यावर बसायचाच बाकी राहिला होता. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. त्यानं ते हो धरलं. जेवला, झोपला.

मी सकाळी मॅचच्या आधी डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन उभी राहिले. माझी हिंदी म्हणजे आनंदच. "मैंने गलत बोला था," म्हणाले, "घर में एक गया है. मैदान में." त्या खुर्चीतून ताडकन उठल्या. "कितनी उमर?" मी सांगितली. त्या चालत नव्हत्या, पळतच मैदानाकडं गेल्या. पोरं अंग गरम करत होती, शिट्टी व्हायची होती. त्यांनी रणजितला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्यांसमोर ओरडला, "तू माझी आई आहेस की दुश्मन?" क्लबवाले खुर्च्यांवरून वळून बघत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दवाखान्यात छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवलं. माझ्या पोराचं हृदय, धडधडतंय. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं, ही भिंत बघा, आणि खरी किती असायला हवी ते बघा. मला आकडे कळले नाहीत, जाडी कळली. चपाती आणि थालीपीठ यांतला फरक मला कळतो. "औषधं आहेत, नीट जगेल," त्या म्हणाल्या, "पण आजपासून मैदान बंद. आत्तापर्यंत मैदानात काही झालं नाही, हे नशीब समजा."

नावं लागली तेव्हा आम्ही हॉटेलात बॅगा भरत होतो. तो "नमस्ते आंटीजी" वाला निरोप घ्यायला आला. रणजितशी हात मिळवला, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्या यादीत हा पहिला होता." कशाला सांगितलं त्यानं? चांगल्या मनानंच सांगितलं असेल, पण विमान उतरेपर्यंत मी तेच चघळत होते. रणजित माझ्याशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता.

घरी येऊन आता दोन महिने होतील. ओमानला जायचं असेल तर थंडीत जा, रस्ते फार सुंदर, माणसं मऊ, आणि बाईमाणूस एकटं फिरलं तरी कुणी वळून बघत नाही. मुलांना घेऊन खेळाच्या शिबिराला जाणार असाल, तर मात्र निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवा आणि घरातलं कोण कसं गेलं ते खरं खरं विचारा. चिडले तरी विचारा. माझ्या ह्यांनी तपासून घेतलं, त्यांचीही भिंत जाड निघाली, गोळ्या सुरू आहेत. शोभावन्सं आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस फोन आला आणि त्यांनी एवढंच विचारलं, "कोणता डॉक्टर, वैनी? सईला न्यायचंय." सईचं हृदय निर्दोष निघालं. तिच्या होणाऱ्या सासरच्यांना त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते लोक थांबले आहेत, अजून हो नाही, नाही नाही.

रणजित खानावळीत ताटं लावतो. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, बापाशी तेवढंही नाही. परवा गिऱ्हाइकांची रात्रीची जेवणं उरकून आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. रणजितनं ताटातून मान वर न काढता विचारलं, "काका कुठल्या जागेवर खेळायचा?"

ह्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता.

"लेफ्ट आऊट," हे म्हणाले. "वाऱ्यासारखा पळायचा. आणि पेनल्टी मारताना, सांगतो तुला, कधी गोलाकडं बघायचा न्हाई." मग ते ताटावरून उठले, खरकट्या हातानंच, आणि तो कसा मारायचा ते स्वयंपाकघरात पाटाला पाय लावून करून दाखवायला लागले. रणजित म्हणाला, "नाही बाबा, अंग असं वळवायला लागतं," आणि तोही उठला.