पायथ्याची दोरी

बाजेच्या पायथ्याची दोरी बोटानं छेडायची आणि डोळे मिटून कान द्यायचा, ही काकांची सवय. जानेफळात राहिला असाल तर तुम्हीही पाहिली असेल. बाजा विणणं हा त्यांचा धंदा. दोरी घुमली की म्हणायचे, "ताण हाये अजून."

त्यांना आणखी एका कामासाठी बोलावत. मरणाला टेकलेला माणूस कित्येक दिवस तसाच राहिला, की त्याचा जीव बाजेच्या विणीत गुंतला असं आमच्याकडे मानतात. मग पायथ्याची, ताणाची दोरी सोडायची. ती विणणाऱ्याच्याच हातानं.

नायलॉनच्या पट्ट्यांची बाज त्यांना पटत नसे. "याच्यावर मानूस मरनच नाही, मास्तर. निस्ता घसरन."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता.

मग माझ्या पत्नीला कर्करोग झाला. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी रोज तिला पेपर वाचून दाखवायचो. त्यात एकदा परदेशातल्या वादाची बातमी होती: न बरं होणाऱ्या रोग्याला डॉक्टरांच्या मदतीनं मरण घेऊ द्यावं का? काही म्हणत, वेदना ज्याच्या, निर्णय त्याचा. काही म्हणत, घरच्यांचे थकलेले चेहरे पाहून माणसं भिडेनं हो म्हणतील.

"दोन्ही खरं हाये," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिचं कण्हणं मला ऐकवेना. मीच काकांकडे गेलो. "काका, दोरी सोडा."

"घाई कोनाले हाये? बाईले का तुमाले?"

मी तसाच घरी परतलो.

तरी ते आले. मला दाराबाहेर थांबवलं. दोरी छेडल्याचा आवाज आला.

"बाई, सोडू काय?"

"उद्या," ती म्हणाली.

ते रोज सकाळी येत, रोज विचारत. ती रोज "उद्या" म्हणे आणि मला हाक मारी, "आवो, पेपर आना." अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "हाव." मी दारातून पाहिलं. त्यांनी गाठ सोडली, बाजेची वीण वीतभर खाली आली आणि तिचं कण्हणं थांबलं. दुपारच्या आत ती गेली. दोरीनं माणूस मरत नाही, हे मला कळतं.

गेल्या हिवाळ्यात काका स्वतः आजारी पडले. पोटात पाणी झालं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सगळ्यायले म्या इचारलं. मले कोन इचारन, मास्तर?"

मी त्यांच्या बाजेच्या पायथ्याची अंबाडीची दोरी छेडली. ती घुमली.

"काका, सोडू का?"

ते हसले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला गेलो, तर अंगणात माणसं जमली होती. त्यांच्या बाजेची वीण भुईला टेकली होती. दोरीची गाठ सुटलेली, आणि दोरी नीट गुंडाळून पायथ्याशी ठेवलेली. त्यांचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं.

"कोणी सोडली?" मी त्यांच्या सुनेला विचारलं.

ती म्हणाली, "असं काऊन इचारता? तुमीच त सकाळी आलते. 'सोडू का' म्हनले, अन् मामंजी 'हाव' म्हनले."

त्या सकाळी मी घराबाहेर पडलो नव्हतो. पेपर वाचत बसलो होतो, मोठ्यानं, रिकाम्या बाजेशेजारी.

मी हात पाठीमागे घेतले. तळव्यांवर दोरीचे वळ होते.